सतरा नंबरचा दोष

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार आणि त्यापुढचं जे काही असतं ते सगळं मी मनापासून लिहिलं आहे असं समज. प्रत्यक्ष लिहीत नाही, कारण मागच्या खेपेला लिहिलं होतं तेव्हा त्यातल्या दोन चुका कळवायला तू मुद्दाम फोन केला होतास आणि माझी तब्येत विचारायची राहून गेली होती. (तब्येत बरी आहे.) तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरतेस ना? शाळेतून निवृत्त होऊन तुला सहा वर्षं झाली, आता वर्गावर वेळेत पोचायची घाई नाही, हे त्या गुडघ्याला एकदा नीट समजावून सांग.

पुढच्या रविवारी आमची शेपूट (लेकीला मी अजून हेच म्हणते) तुझ्याकडे राहायला येते आहे, हे ठरल्याप्रमाणेच आहे. चित्रकलेच्या कॉलेजची तीन वर्षं तुझ्या मागच्या खोलीत. तिची गादी, दिवा, रंगांच्या दोन पेट्या यांबद्दल मी फोनवर बोललेच. फोनवर जे बोलले नाही ते असं, की मध्ये अठरा दिवस ती माझ्याशी बोलत नव्हती. म्हणजे अगदीच नव्हती असं नाही. 'बाबा, आईला विचार माझी कात्री कुठे आहे,' असं बोलायची. मी समोरच उभी असायचे, हातात कात्री घेऊन. मग मी ती यांच्या हातात द्यायचे आणि हे तिला द्यायचे. यांचा स्वभाव तुला माहीत आहे. पोस्ट खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस, त्यांना यात काही वावगं वाटलं नाही.

या सगळ्याचं कारण एक कार्टून आहे. (कार्टून म्हणायचं नाही, ॲनिमे म्हणायचं. हा माझा पहिला अपराध.) तिचं म्हणणं, ती चित्रकलेकडे वळली ती या एका मालिकेमुळे. दोन महिन्यांपूर्वी ती मला म्हणाली, "आई, एकदा माझ्याबरोबर बस आणि बघ. म्हणजे मी कुठे चालले आहे ते तुला कळेल." ताई, सतरा वर्षांची मुलगी आपणहून आईला शेजारी बसायला बोलावते, हे वर्षातून किती वेळा घडतं? मी लगेच हो म्हटलं. दर रविवारी दुपारी दोन भाग, असे सहा रविवारांत बारा भाग आम्ही दोघींनी पाहिले. हेही बसायचे, पण सुरुवातीचं गाणं संपायच्या आत त्यांना डोळा लागायचा.

गोष्ट थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. डोंगरातलं एक राज्य आहे आणि तिथला वारा एके दिवशी निघून जातो. पवनचक्क्या थांबतात, पीठ दळलं जात नाही, दोरीवरचे कपडे वाळत नाहीत. त्या राज्यात अशी पद्धत आहे की मोठं होताना प्रत्येकाने आपला कोट आपणच शिवायचा. राजपुत्र आणि त्याची जुळी बहीण एकाच कापडातून एकसारखे दोन कोट शिवतात. मग राजपुत्र वारा शोधायला निघतो आणि बहिणीला वेशीपाशी थांबायला सांगतो. त्याच्याबरोबर एक स्वयंपाकीण असते, जी तलवार चालवते, आणि एक दगडाचा प्राणी, जो दिवसातून एकदाच बोलतो पण खरं बोलतो. असे सव्वीस भाग.

आता माझं काम तुला ठाऊक आहे. शिवून आलेला प्रत्येक सदरा माझ्या टेबलावर येतो आणि मी त्यातले दोष शोधते. सुटलेला टाका, कमीजास्त बाही, तिरकी कॉलर. जिथे दोष दिसेल तिथे कागदाचा एक छोटा लाल बाण चिकटवायचा. बाण लागलेला सदरा टाकून देत नाहीत, तो दुरुस्तीला जातो आणि तिथून परत माझ्याच टेबलावर येतो. बावीस वर्षं हे केल्यावर डोळ्यांना दुसरं काही जमेनासं होतं. मालिका बघताना मी मांडीवर वही घेऊन बसले आणि टिपत गेले. शेपटीला वाटलं, आईला इतकं आवडतंय की ती लिहून घेते आहे. मला पेन्सिलीला टोक करून द्यायची. चहा आणून द्यायची. ते आठवलं की मला अजून कसंतरी होतं.

बारावा भाग संपल्यावर तिने विचारलं, कशी वाटली? मी वहीतली चार पानं फाडून तिच्या हातात दिली. एकूण एकेचाळीस दोष, नंबर घालून, भाग आणि मिनिटासकट. नंबर चार, राजपुत्र अकरा दिवस चालतो आहे तरी कॉलर कडक. नंबर बावीस, कड्यावरून पडायला चार मिनिटं लागतात, कारण पडता पडता त्याला लहानपण आठवतं. नंबर तीस, खलनायक हल्ला करण्यापूर्वी आपला सगळा बेत समजावून सांगतो आणि मग तो फसला की त्याला नवल वाटतं. नंबर छत्तीस, बर्फात चेटकिणीचे दोन्ही हात उघडे. (असा नग माझ्या टेबलावर आला असता तर कापड कमी पडलं का म्हणून विचारलं असतं.) यातलं एकही खोटं नाही, ताई. आजही मी त्यातला एकही बाण मागे घेणार नाही, एक सोडून. त्याकडे येतेच.

तिने चारही पानं शेवटपर्यंत वाचली. मग घडी घातली आणि म्हणाली, "यात एकही चांगली गोष्ट नाही?"

मी म्हटलं, चांगलं आहे ते चांगलंच आहे, ते कशाला लिहायचं? मला खरंच वाटलं की मी प्रशंसा केली. आमच्याकडे जे चांगलं असतं त्यावर काहीच चिकटवत नाहीत. ते नुसतं पुढे जातं.

ती उठून गेली आणि कात्रीचं ते टपाल सुरू झालं.

पहिले चार दिवस मी रागात होते. पाचव्या दिवशी ठरवलं की चांगल्या गोष्टींचीही यादी करायची. वही घेऊन बसले आणि नंबर एक लिहून तासभर तशीच बसून राहिले. आठवत नव्हतं असं नाही, आठवत होतं, पण ते लिहायचं कसं हेच येईना. 'कॉलर तिरकी' म्हटलं की दोन शब्दांत काम होतं. पण सहाव्या भागात पाऊस लागतो आणि ती सगळी मंडळी पुलाखाली बसून नुसती जोडे दुरुस्त करत राहतात, लढाई नाही, खलनायक नाही, आणि तरीही तो भाग संपू नये असं मला वाटत होतं, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? म्हटलं आधी सराव करू. दुसऱ्या दिवशी कारखान्यात काजं करणाऱ्या बाईला जाऊन सांगितलं की तुझी काजं फार सुंदर असतात. ती पांढरी पडली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी पसरली की तिला कामावरून काढणार आहेत.

तिची समजूत घालताना सगळं सांगावं लागलं, आणि सांगितलं म्हणून दाखवावंही लागलं. तेराव्या भागापासून मी माझ्या फोनवर जेवणाच्या सुट्टीत रोज एक भाग बघायला लागले. आधी मी आणि काजवाली, मग इस्त्रीवाली आली, मग बाकीच्या. आठवड्याभरात तपासणीच्या टेबलाभोवती नऊ बायका डबे घेऊन बसत होत्या. त्यांना दोष दिसत नव्हते असं नाही. इस्त्रीवाली राजपुत्राच्या कॉलरवरून रोज त्याला शिव्या घालायची. पण दगडाचा प्राणी फुटला त्या दिवशी तिने डबा तसाच बंद केला. मी तिच्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं, हिला दोन्ही जमतं.

आणि मग काजवालीने, मी तिला सांगितलेल्या दोषांतला, तो सतरा नंबर काढला. माझ्या यादीत सतरा नंबर असा होता: नवव्या भागापासून राजपुत्राच्या कोटाची बटणं दुसऱ्या बाजूला. पुरुषांच्या कोटाला बटणं उजवीकडे असतात, बायकांच्या डावीकडे. आठव्या भागापर्यंत त्याची उजवीकडे होती. तो नदीत पडतो, बाहेर येतो आणि पुढे बटणं डावीकडे. चित्रकाराची डुलकी, असा मी शेराही मारला होता. काजवाली पोळीचा घास हातात धरून म्हणाली, "बाई, चूक एकदा होते. हे रोज इतकं नेमाने चुकतंय म्हणजे हा कोटच बाईचा आहे."

मला आठवलं, पहिल्या भागात दोघांनी कोट शिवले होते. नदीतून बाहेर आला तो राजपुत्र नव्हताच. वेशीपाशी थांबायला सांगितलेली बहीण थांबलीच नव्हती, ती आठ भाग मागोमाग चालत आली होती, आणि भाऊ वाहून गेल्यावर ती त्याच्या जागी उभी राहिली होती. कोणाला कळलं नाही, कारण बटणांकडे कोण बघतं? नंतर चोविसाव्या भागात मालिका स्वतःच ते उघड करते. (भाऊ जिवंत आहे, काळजी करू नकोस. खाली एका कोळ्याच्या झोपडीत पाय बांधून पडला आहे.) पण तोवर आम्हा नऊ जणींना ते माहीत झालं होतं आणि आम्ही एकमेकींकडे बघून मान डोलावत होतो.

काजवालीने हे सांगितलं त्याच संध्याकाळी मी घरी येऊन थेट शेपटीच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, राजपुत्र नवव्या भागापासून राजपुत्र नाहीच. यांनी सवयीने निरोप पोचवायला तोंड उघडलं, तिने हातानेच त्यांना थांबवलं. कप्प्यातून माझी ती चार पानं काढली. जपून ठेवली होती, ताई. सतरा नंबरभोवती तिने पेन्सिलीने गोल केला होता.

ती म्हणाली, "मला हे दुसऱ्यांदा बघताना कळलं. तुला पहिल्याच वेळी दिसलं, आई. आणि तू ते दोष म्हणून लिहिलंस."

मुलगी आता आपल्या हाताने शिवलेलं काहीतरी घालून चालली आहे, आणि बटणं माझ्याकडे असतात तशी नाहीत. हे मला रोज दिसतं. सगळ्यांच्या आधी दिसतं. मी त्याचं काय करते, एवढाच प्रश्न आहे.

मग मी तिला कारखान्यातलं सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, शेवटचा भाग बघू नकोस, शनिवारी आपण दोघी बघू. मी बरं म्हटलं. इस्त्रीवालीने पाहून टाकला आहे. तिचं मत, शेवट फार घाईत उरकला आहे पण वारा परत येतो तेव्हा दोरीवरच्या कपड्यांचा जो आवाज होतो तो अगदी खरा आहे. शनिवारी मी वही न घेता बसणार आहे.

बाकी सर्व ठीक. भावजींना नमस्कार. गुडघ्याला शेक दे.

तुझी,
धाकटी

ता. क. – आता खरं काम. शेपूट तुझ्या मागच्या खोलीत भिंतीवर आपली चित्रं लावणार आहे. तुला त्यात अंगठा चुकीच्या बाजूला दिसेल, सावली उलटी पडलेली दिसेल. तुझं म्हणणं बरोबरच असेल. तरी पहिला महिनाभर काही बोलू नकोस. लाल पेन कपाटात ठेव आणि किल्ली भावजींकडे दे.

ता. क. २ – रागावू नकोस. मी हे कोणाकडून शिकले ते आपल्या दोघींनाही माहीत आहे, आणि तू कोणाकडून शिकलीस तेही. तू लग्न होऊन गेलीस तेव्हा मी लिहिलेली सगळी पत्रं तू लाल शाईने तपासून परत पाठवायचीस. ती मी फाडून टाकली. एक ठेवलं आहे. त्याच्या खाली तू लिहिलं होतंस, 'अक्षर सुधारतंय.'

ता. क. ३ – पाकिटावर पत्ता लिहायला मी हे शेपटीकडे दिलं होतं, वाचायला नव्हे. तिने वाचलं. तिच्या मते दोष चाळीसच आहेत, सतरावा धरायचा नाही. शिवाय माझ्या पिशवीतला एक लाल बाण काढून तिने दुसऱ्या पानावर चिकटवला आहे, 'जे चांगलं असतं त्यावर काहीच चिकटवत नाहीत' या वाक्यापाशी. तुला तो दिसेलच. मी काढलेला नाही, तूही काढू नकोस. आमच्याकडे ज्याने बाण लावला त्यानेच तो काढायचा असतो, दुरुस्ती झाल्याची खात्री करून.