मीठ उडत नाही

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
१८ एप्रिल २०२५, दुपारचे तीन

चि. सूनबाई वैदेहीस अनेक आशीर्वाद.

आमच्या शाळेत शेजारच्याकडं पाटीवरची लेखणी नसली की आपली मोडून अर्धी त्याला द्यायची. बोटांत धरून दाबली की ‘कट्’ असा कोरडा आवाज व्हायचा. साठ वर्षांत तो कानी पडला नव्हता. आज दुपारपासून नऊ वेळा पडला. तुझ्या खाऱ्या पाण्याच्या, माशांच्या टाकीतलं गुलाबी, जिवंत पोवळ्याचं झाड कापतोय.

‘काळजी करू नकोस’ असं लिहायला हात धजत नाही. सावकाश सांगतो.

इकडं ऊन लई आहे. समोरच्या मोनालीला मुलगी झाली. पेढे द्यायला आली तेव्हा तुझी चौकशी करत होती. मी बरा आहे. दोन्ही पट्टेरी मासे बरे आहेत.

दर रविवारी होस्टेलवरून तुझा एवढाच मेसेज येतो, ‘झाड कसंय?’ आणि मी ‘मजेत’ असं पाठवतो. मजेत नाही, बाळा. महिन्याभरापासून बुंध्याकडून पांढरं पडत चाललंय, आणि ते माझ्यामुळं.

तुझ्या वहीत लिहिलेलं होतं, ‘पाणी घटलं की भरत राहा.’ कोणतं, ते नव्हतं. मी आयुष्यभर पोरांकडून समुद्राच्या कविता चालीवर म्हणवून घेतल्या. प्रत्यक्ष समुद्र पाहिला तो पन्नाशी उलटल्यावर. मला वाटलं, समुद्राला गोडं पाणी कसं घालावं? रोज लोटाभर मिठाचं पाणी कालवून भक्तिभावानं घालत होतो. शेवटी शोभेच्या माशांचं दुकान आहे ना, त्या काकासाहेबाकडं पाणी मोजायला नेलं. माझाच जुना विद्यार्थी. लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ पाहिजे तिथं बेचाळीस भरलं. म्हणाला, “गुरुजी, पाणी उडतं, मीठ उडत नाय. तुम्ही मराठीच शिकवायचे, व्हय?”

आता रोज थोडं थोडं गोडं पाणी घालून खारटपणा उतरवतोय. एकदम उतरवलं तर उरलेलंही जाईल म्हणतो तो. पण तेवढे दिवस हातात नाहीत. काल जेवताना हिमांशू म्हणाला, “अण्णा, तिचा समुद्र रविवारी मोरीत ओततो. बास झालं.” मी आणखी आमटी वाढून घेतली.

म्हणून आज, तो चिकलठाण्याला कंपनीत असताना, पोवळं छाटायला तू ठेवलेला हाडं कापायचा कटर काढला. पांढऱ्याच्या वर बोटभर जागा सोडून, जिथं रंग शाबूत आहे तिथं कापायचं, आयोडिनच्या पाण्यात बुडवायचं, चिनीमातीच्या बटणासारख्या चकतीवर गोंदानं उभं करायचं, सगळं तुझ्या वहीबरहुकूम. दोन फांद्या चुरा झाल्या. सात उभ्या आहेत. पाच वाजता काकासाहेब येऊन त्याच्या टाकीत नेणार आहे. जगतील का, हे तोही सांगत नाही.

गोंद धरेपर्यंत प्रत्येक तुकडा पाण्याखाली दाबून ठेवावा लागतो. तेवढा वेळ टाकीसमोरून हलता येत नाही. आणि टाकीसमोर बसलं की मधलं दार दिसतं.

नऊ जानेवारीला मी त्या दाराच्या पलीकडं होतो. सातवीचं जुनं पुस्तक उघडून बसलो होतो. हिमांशूचा आवाज चढला, मग चपराक ऐकली, मग तुझं डोकं टाकीच्या कडेला आपटलेलं ऐकलं. तू ‘अण्णा’ म्हणून हाक मारलीस. मी उठलो नाही. पान उलटलं.

तू घर सोडून गेलीस; चार दिवसांनी तुझ्या आईचा, रत्नमालाबाईंचा, फोन आला. काय झालं, असं विचारलं त्यांनी. हिमांशू समोर उभा होता. मी म्हणालो, मी फिरायला गेलो होतो, पण तसं काही झालं नसावं, पाय घसरला असेल. मास्तर माणूस कशाला खोटं बोलेल, म्हणून रत्नमालाबाईंनी माझं ऐकलं आणि तुला नांदायला परत जा म्हणाल्या. तू इथंही आली नाहीस, माहेरीही गेली नाहीस, होस्टेल गाठलंस. झाडाचं लिहिता लिहिता मला हे लिहायचं होतं. तीन महिने लिहीत नव्हतो.

तू सांगशील तिथं येऊन मी हे सांगीन. कागदावर सही करीन. हिमांशूसमोरसुद्धा.

बेल वाजली. काकासाहेब पाचला येणार आणि हिमांशू सहानंतर. खिडकीतून पाहून आलो.

तुझी आई आहे. परभणीहून, एकटी, न कळवता. बाहेरूनच म्हणतायत, “गुरुजी, उघडा. फोनवर झालं ते झालं. आता माझ्याकडं बघून सांगा.”

बोटांना गोंद चिकटलाय, पेन नीट सुटत नाही. हे पत्र आता पाकिटात घालत नाही. आधी त्यांच्या हातात देतो, त्या वाचेपर्यंत समोर उभा राहतो. मग त्याच तुझ्याकडं आणतील.

दार उघडतोय.

त्या संध्याकाळी घरातच असलेले,
तुझे अण्णा