कालचंच बियाणं

सर, तुमच्या येड्याला आता चांगलं इंग्रजी नाव आहे. फझिंग म्हणतात त्याला. त्याच्यावर लोक मोठमोठे निबंध लिहितात, परिषदा भरवतात, आणि नुसता तोच उद्योग करून पोट भरणारी माणसं जगभर आहेत. त्यातली एक मी. तुम्हाला हे कळलं असतं तर तुम्ही आधी खुर्चीत मागं रेलून हसला असतात आणि मग आतल्या दाराकडं तोंड करून काकूंना ओरडून सांगितलं असतंत, "ऐकलंस का, आपला येडा विलायतेला गेला!" काकूंनी आतूनच विचारलं असतं की मग स्वेटर दिलाय का बरोबर. तुमच्या घरात हे असंच चालायचं. क्लासला नव्यानं आलेल्या पोरांना पहिले काही दिवस वाटायचं की या घरात खरोखरच कुणीतरी डोक्यानं अधू माणूस राहतो आणि त्याला आतल्या खोलीत ठेवलंय.

सांगलीतलं तुमचं घर म्हणजे पुढची खोली क्लासची आणि मागं स्वयंपाकघर. चपला बाहेर काढायच्या, कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून. काकूंनी जुन्या साडीतून दोन्ही मशीनना झालरीचे अभ्रे शिवले होते. मागं भडंग परतायला घेतलं की लसणाचा वास पुढं यायचा आणि टायपिंगला बसलेल्या पोरांची बोटं थांबायची. भडंगाचे हात कीबोर्डला लावायचे नाहीत हा तुमचा नियम होता आणि तो सगळ्यात जास्त तुम्हीच मोडायचात. मी कराडला शिकून आलेली, आत्याकडं राहणारी, दर शनिवारी मलकापूरला घरी पळणारी. सकाळी तुम्ही पोरांना शिकवायचात आणि दुपारी आपण दोघं 'खरं काम' करायचो. ते म्हणजे गावोगावच्या दूध संस्थांसाठी प्रोग्रॅम. गवळ्याचा नंबर, दूध किती लिटर, फॅट किती, की लगेच दर लागून पावती बाहेर. त्यातलं बरंचसं मी लिहिलं होतं. मला त्याचा केवढा तोरा होता, आठवतं ना तुम्हाला?

त्या तोऱ्यापायीच येडा जन्माला आला. मी माझं काम तपासायला बसायची तेव्हा नंबर नीट घालायची, लिटर नीट, फॅट नीट. सगळं झकास चालायचं. तुम्ही मागं उभे राहून बघत होता. "तूच लिहिलंयस आणि तूच तपासतीस," म्हणालात. "खड्डा कुठं हाय तुला ठावं हाय. तुझा पाय आपसूक वळसा घालतोय. हे असल्याच्या हातात द्याय पायजे, ज्याला काहीच ठावं न्हाई." मग असला माणूस शोधण्यापेक्षा तुम्ही तो बनवला. तुमचा तो छोटा प्रोग्रॅम माझ्या प्रोग्रॅमसमोर बसायचा आणि वाट्टेल ती बटणं बडवायचा. आकड्याच्या जागी अक्षरं, नावाच्या जागी स्वल्पविराम, मधेच एंटर, मधेच मागं. थोड्या वेळानं माझा प्रोग्रॅम मान टाकायचा आणि तुम्हाला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं ते तुम्हाला दिसायचं की नाही, मला अजून माहीत नाही.

येड्याची एक गंमत होती. तो वेडा, पण त्याला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागायचा. पुन्हा तोच आकडा दिला की तो तीच बटणं, त्याच क्रमानं, जशीच्या तशी बडवायचा. म्हणून त्यानं काही मोडलं तर तोच आकडा देऊन नेमकं कुठं मोडलं ते शोधता यायचं. नवा आकडा दिला की नवा गोंधळ. त्या आकड्याला इंग्रजीत सीड म्हणतात, तुम्ही बियाणं म्हणायचात. आणि तुमचा दंडक असा की रोज नवं बियाणं, आणि तेही आपल्या मनचं नाही. आपल्या मनचा आकडा म्हणजे पुन्हा आपलाच वळसा. म्हणून दारात येईल त्याला विचारायचं. पोस्टमन, पेपरवाला, काकूंची भाजीवाली. "एक आकडा सांगा." गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस एकदा दबक्या आवाजात म्हणाला होता, "सर, तुमी बी मटका लावताय व्हय? मग कल्याण का मुंबई?" तुम्ही इतके हसलात की चष्मा काढून पुसायला लागला. त्या माणसानं पुढं प्रत्येक वेळी टाकी उतरवली की न विचारता आकडा सांगितला, आणि लागला का म्हणून चौकशीही केली.

मग तो बुधवार. वाळव्याकडच्या एका दूध संस्थेचे चेअरमन आपला प्रोग्रॅम बघायला येणार होते. त्यांनी घेतला तर आजूबाजूच्या संस्थाही घेणार होत्या. नाही घेतला तर काय, ते तुम्ही बोलला नव्हतात, पण मला कळत होतं. स्टँडजवळ काचेच्या दाराचा नवा क्लास निघाला होता आणि आपली पोरं एकेक करून तिकडं चालली होती. हे काम गेलं की क्लास गेला. आठवडाभर आपण येड्याला माझ्यावर सोडून ठेवलं होतं. रोज नवा आकडा, रोज काहीतरी मोडायचं, मी दुरुस्त करायची. मंगळवारी भाजीवालीच्या आकड्यावर तो दुपारभर बडवत राहिला आणि माझा प्रोग्रॅम पडला नाही. मी घरी जाताना आत्यासाठी पेढे घेतले.

चेअरमन आले. चपला काढताना जरा कुरकुरले. मी त्यांना सगळं दाखवतेय, पावती करकर करत बाहेर येतेय, ते ती पावती उजेडात धरून वाचताहेत. "लय भारी हाय की. ह्या पोरीनं केलंय?" आणि तुम्ही म्हणताय, "व्हय, सगळं तिनंच." एवढ्यावर सगळं संपायला हवं होतं. पण त्यांनी विचारलं, "आवं सर, पर मधीच बंद न्हाई ना पडायचं? सकाळच्या पारी लाइन असती. बाया लय कावत्यात." आता यावर 'नाही' म्हणायचं. जगात कुठलाही विकणारा माणूस 'नाही' म्हणतो. माझ्या तोंडात तो शब्द तयार होता. आणि तुम्ही म्हणालात, "बघूया की. येड्याला सोडूया." चेअरमन म्हणाले, "कुणाला?"

तुम्ही त्यांना येडा समजावून सांगत होतात तेव्हा मी वाकून तुमच्या कानाशी म्हणाले, "सर, कालचंच बियाणं घाला." भाजीवालीचा आकडा घातला असता तर तो कालच्यासारखाच बडवत राहिला असता, प्रोग्रॅम उभा राहिला असता, चेअरमन खूष होऊन गेले असते. खोटं काहीच नव्हतं त्यात, असं मला वाटत होतं. मी कुजबुजले होते, तुम्ही कुजबुजला नाहीत. "मग त्यो येडा कसला गं? पाठ करून आलेलं पोरगं झालं ते! ह्यांच्या डेअरीत काय रोज कालचंच दूध येणार हाय?" चेअरमन माझ्याकडं बघायला लागले. काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांनी मान खाली घातली. माझे कान तापले ते मला आत्ता हे लिहितानाही जाणवतंय. मग तुम्ही चेअरमनना आकडा विचारलात. त्यांनी आपल्या मोटरसायकलचा नंबर सांगितला.

चहा संपायच्या आत प्रोग्रॅम गोठला. चेअरमननी स्क्रीनकडं बघितलं, कपाकडं बघितलं आणि म्हणाले, "पडलं जणू." आणि तुम्ही, सर, टाळी वाजवलीत. "बरं झालं, हितंच पडलं!" तुमच्या तोंडावर खरोखरचा आनंद होता. माणसं वेळ मारून न्यायला हसतात तसला नाही, खरा. चेअरमन समजूतदार माणूस होता, वाईट बोलला नाही. चपला घालताना एवढंच म्हणाला, "आवं सर, आमच्या संस्थेत असला येडा कोण बसवणार हाय? आमचा क्लार्क सरळ माणूस हाय." ते गेले ते पुन्हा आले नाहीत. तुम्ही खुर्ची ओढून म्हणालात, "चल, बस. बियाणं हाय आपल्याकडं. बघू कुठं पडलं." मी पिशवी उचलली आणि म्हटलं, "सर, मला मलकापूरची गाडी गाठायचीय." बुधवारी. तुम्ही नुसतं कॅलेंडरकडं बघितलंत.

मी क्लासला पुन्हा आले नाही. मला पुण्यात नोकरी लागली आणि जायच्या तयारीत मी घरी होते, तेव्हा शेजारच्यांच्या फोनवर तुमचा फोन आला. आमचा पीपी नंबर तुमच्याकडं होता. शेजारच्या मावशींच्या ओसरीवर सगळ्यांदेखत रिसीव्हर धरून मी उभी आहे आणि तुम्ही तिकडून सांगताय, "सापडलं गं. फॅटच्या रकान्यात टिंब दोनदा पडलं की आपलं गचकतंय. डेअरीतल्या माणसाचे हात ओले असत्यात, बटण दोनदा दबतंय. रोज पडलं असतं गं हे. रोज." मी म्हटलं, "बरं सर." मग दोन्हीकडं नुसती खरखर. मी वाट बघत होते की तुम्ही म्हणाल, त्या दिवशी बोललो ते लागलं का तुला. तुम्ही बहुतेक वाट बघत होतात की मी विचारेन, मग दुरुस्त कसं केलंत. कुणीच काही विचारलं नाही. "जपून जा पुण्याला," म्हणालात, आणि फोन ठेवलात. आपलं शेवटचं बोलणं ते. इतकं साधं, की मी ते लक्षात ठेवायचीही तसदी घेतली नव्हती. आता एकेक शब्द आठवतो.

क्लास बंद करून तुम्ही तुमच्या म्हसवडला गेलात, शाळेत शिकवायला लागलात, हे मला दुसऱ्याकडून कळलं. तुम्ही गेल्याचंही दुसऱ्याकडूनच, आणि तेही सगळं आटोपल्यावर. काकू साताऱ्याला मुलीकडं राहायला आल्या तेव्हा मी त्यांना भेटायला गेले. त्यांनी ताटलीभर भडंग पुढं ठेवलं आणि मी पुष्कळ वेळ त्याला हात लावू शकले नाही. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तू गेलीस आन् हे जेवले न्हाईत. मला वाटलं काम गेलं म्हणून. तर म्हनले, काम गेलं त्याचं काय न्हाई, पोरीला चार मान्सांत बोललो." सर, हे तुम्ही फोनवर का नाही म्हणालात? एवढं टिंब सापडल्याचं सांगितलंत, हे का नाही? मला तुमचा त्या बुधवारपेक्षा त्या क्षणी जास्त राग आला, आणि तो राग घेऊन मी कुणाकडं जाणार होते? काकूंनी काही न विचारता पदरानं माझे डोळे पुसले. भडंग तिखट लागलं असेल, असं त्यांनी दाखवलं.

आता मी आमच्या ऑफिसात नव्या मुलामुलींना शिकवते. तुमची गोष्ट सांगते. गॅसवाल्याच्या मटक्यावर ते पोट धरून हसतात, मोटरसायकलच्या नंबरावर गप्प होतात. 'मग त्यो येडा कसला' हे कुणीतरी कागदावर लिहून भिंतीला चिकटवलंय. रोज सकाळी आम्ही चहा आणणाऱ्याला, लिफ्टवाल्याला आकडा विचारतो. तुमचं नाव मी सांगत नाही, नुसतं 'आमचे सांगलीचे सर' म्हणते, आणि ते म्हणताना माझी मान जरा ताठ होते. तुमची खरी शिष्या मीच, असं मला वाटत आलंय.

मागच्या महिन्यात बाहेरून मोठी गिऱ्हाइकं आली होती. वर्षभराचं काम, माझ्या हाताखालच्या सगळ्यांच्या नोकऱ्या त्याच्यावर. सगळं दाखवून झालं आणि त्यातला एक जण म्हणाला, ते तुमचं फझिंग आमच्यासमोर चालवून दाखवा की. खोलीतले सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या शेजारी आमच्यातली सगळ्यात नवी मुलगी कीबोर्डवर बोटं ठेवून बसली होती. गिऱ्हाइकं समोर होती, त्यांना नुसतं विचारायचं होतं, एक आकडा सांगा. ती मुलगी तेच विचारायला तोंड उघडत होती. मी वाकून तिच्या कानाशी म्हटलं, "कालचाच घाल."

तिनं घातला. काहीच पडलं नाही. टाळ्या झाल्या, काम मिळालं, संध्याकाळी केक कापला. पाठ करून आलेलं पोरगं पहिलं आलं, सर. भिंतीवरचा कागद मात्र दुसऱ्या दिवशी तिथं नव्हता, आणि तो कुणी काढला हे मी विचारलं नाही.

हे पत्र मी पाठवणार नाही. पत्ता नाही म्हणून नव्हे, काकू अजून साताऱ्यात आहेत, त्यांच्या हातात दिलं असतं तर त्यांनी तुमच्या फोटोपुढं ठेवलंही असतं. पण ते वाचून तुम्ही मला काहीच म्हटलं नसतंत. त्या बुधवारनंतर तुम्ही कुणाला चार माणसांत बोलायचं सोडूनच दिलं होतं, असं काकू सांगत होत्या. आणि मला, सर, त्या दिवशी त्या भरल्या खोलीत, सगळ्यांदेखत, तुम्ही मोठ्यानं बोलायला हवे होतात.