तारमास्तराच्या घरी बिनतारी

मु. बोरखेडी, ता. जाफराबाद, जि. जालना
१ ऑक्टोबर २००३

चि. भुजंग यास,

तातेमामाचे ओंजळभर आशीर्वाद. तुझी तब्येत ठणठणीत असेल आणि बंगळूरच्या सांबारातला गूळ अजून सोसवत असेल, असं धरून चालतो. इकडे अक्का, म्हणजे तुझ्या मातोश्री आणि माझ्या थोरल्या भगिनी, बऱ्या आहेत. त्यांचा गुडघा दुखतो, पण दुखत नाही असं त्या सांगतात आणि मी ऐकून घेतो. घट बसले, धान चांगलं उगवलंय, सोयाबीन काढणीला आलंय. पत्रास कारण फोन.

घरात फोन असताना मामा पत्र का लिहितो, असं तू म्हणशील. एक तर ज्या यंत्राची तक्रार करायची ती त्याच यंत्राच्या तोंडात बोलणं मला रीतीला धरून वाटत नाही. दुसरं म्हणजे फोन मधल्या खोलीत आहे आणि रविवारी सकाळी आठपासून अक्का त्याच्याशेजारी पाट टाकून बसलेली असते. तुझा फोन दहाला येतो. दोन दिवाळ्या झाल्या, तिनं तुझं तोंड पाहिलेलं नाही. आता तिच्याकडं तुझं म्हणून जे काही आहे, ते रविवारची ही दहा मिनिटं. त्यातलं अर्धं मधेच गळून जातं, हे माझ्या तक्रारीचं मूळ आहे.

तुला ठाऊकच आहे, मी जालन्याच्या तार ऑफिसात बत्तीस वर्षं काढली. तार ही हाताला लागणारी वस्तू होती. ती खांबावर दिसायची, वाऱ्यात वाजायची, तुटली तर कुठं तुटली ते सायकलवर जाऊन बघता यायचं. (गावात मात्र माझी पत काही निराळीच होती. मी रजेवर आलो की बायका दारात येऊन आधी माझा चेहरा बघायच्या, कुणाच्या घरी रडायला जायचं ते ठरवायला. तार आली म्हणजे माणूस गेला, हे इतकं पक्कं होतं की पास झाल्याच्या तारेवरसुद्धा लोक आधी रडून घेत आणि मग ती उघडत.) अशा माणसाच्या भाच्यानं वायरलेसमध्ये इंजिनिअर व्हावं, याचं मला वाईट वाटलं होतं. तेव्हा मी पेढे वाटले, पण आता सांगून टाकतो.

तुझ्या आग्रहानं फोनचा अर्ज आला, त्यावर 'बिनतारी दूरध्वनी' असं छापलेलं होतं. मी तो अक्काला वाचून दाखवला. ती म्हणाली, "बिनतारी म्हंजी ह्याच्यावर तार येत न्हाई का?" मी अर्धा तास तिला लहरी म्हणजे काय, त्या हवेतून कशा जातात, खांबावाचून कशा जातात हे समजावलं. तिनं शेंगा फोडत सगळं ऐकलं आणि म्हणाली, "ते राहू दे. तार येत न्हाई ना? मंग बसवा." ज्याच्यावर कुणी मेल्याची बातमी येऊच शकत नाही असा फोन सरकारनं काढला, ही तिची समजूत आजतागायत कायम आहे. मी ती दुरुस्त केलेली नाही. बत्तीस वर्षं उलटं काम केल्यावर एवढं मला माफ असावं.

मग तुझं ते आकृत्यांचं चार पानी पत्र आलं. मी ते ओट्यावर मोठ्यानं वाचलं, कारण गावात पहिलाच बिनतारी फोन म्हणजे तो सगळ्या आळीचा. टॉवरभोवतीच्या मुलखाला 'सेल' म्हणतात आणि आपलं गाव जाफराबादच्या सेलमध्ये येतं, असं तू लिहिलंस. दुसऱ्या दिवशी शेजारचा कडूबा बॅटरीचे दोन नवे सेल घेऊन हजर. गावाचं काम आहे, माझ्याकडून एवढे घ्या, म्हणाला. त्याची बायको चतुराबाई त्याला हसली, कारण तिला खरा अर्थ कळला होता. जाफराबादला कसला सेल लागलाय, साड्यांचा की चादरींचा, आणि जीप किती वाजता निघायची, एवढंच तिला विचारायचं होतं. ते सेल मी परत केले, पण साड्यांचं प्रकरण मिटायला आठ दिवस लागले.

एकाच हवेत शंभर माणसं एकाच वेळी बोलतात, प्रत्येकाच्या बोलण्याला वेगळी खूण असते आणि यंत्र आपली खूण तेवढी उचलतं, हे मात्र लोकांना लगेच पटलं. भोकरदनच्या बाजारात शंभर बाया ओरडत असतात, तरी लेकरू आपल्या आईच्याच हाकेला वळतं, असं मी सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि हे शोधायला इंजिनिअर कशाला लागला, असंही एकानं विचारलं.

आता माझी चूक कबूल करतो. 'टॉवर समोर दिसला पाहिजे, मधे आडवं काही नको', असं तू लिहिलं होतंस. तू अँटेनाबद्दल लिहिलं होतंस, मी ते बोलणाऱ्याबद्दल वाचलं. त्यामुळे पहिले दोन रविवार तुझ्या आईला मी शिडीवरून माळवदावर चढवलं (तोच हा गुडघा), जाफराबादकडं तोंड करून खुर्चीत बसवलं आणि कॉर्ड पुरेना म्हणून अख्खं यंत्र तिच्या मांडीवर दिलं. गावाला वाटलं, अक्का कसलंतरी व्रत करते आहे. दोघी-तिघी खालून हात जोडून गेल्या. शेवटी बसवायला आलेला माणूस पुन्हा फेरीवर आला तेव्हा त्यानं हे पाहिलं, आणि मावशींना खाली आणा, असं फार मायेनं सांगितलं.

अँटेना त्यानं माळवदावर माणसाच्या डोक्याइतक्या उंच खांबावर बसवली आहे. खांबाला तीन बाजूंनी ताणाच्या तारा. बिनतारी फोन उभा राहायला तीन तारा लागतात, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. दिसायला अँटेना फासळ्यांसारखी, एका दांडीवर सात-आठ आडव्या काड्या. श्रावणापर्यंत आवाज इतका स्वच्छ यायचा की तू पाणी पिताना घोट ऐकू येई आणि अक्का म्हणे, "फार घाईनं पितो." पुढं भाद्रपदात अधूनमधून तुटायला लागला. मी जुन्या सवयीनं वही घातली: तारीख, वेळ, आवाज कसा, वारा कुठला. टेलिफोनवाल्यांना दोनदा कळवलं. ते म्हणाले, टॉवर ठीक आहे. पंधरा दिवस नोंदी केल्यावर असं निघालं की वाऱ्याचा काही संबंध नाही, पण ज्या दिवशी फोन मुका त्या दिवशी चतुराबाईचं धुणं.

मी माळवदावर जाऊन बघतो तर अँटेनावर गोधडी. आपली आणि चतुराबाईची माळवदं लागून आहेत, आणि आडव्या काड्यांची वस्तू उंचावर दिसली की तिच्यावर काय टाकायचं, हे आमच्या बायकांना शिकवावं लागत नाही. ओलं कापड लहरी पिऊन टाकतं, असं तुझ्याच पत्रात तिसऱ्या पानावर तळाला आहे. सात लुगड्यांची, नदीवरून आणलेली ओली गोधडी म्हणजे लहरींची तहान केवढी असेल, तूच हिशेब कर. मी चतुराबाईला समजावलं. तिनं ऐकलंही. पण तेवढ्यात गावानं दसरा काढला. (तू विसरला असशील म्हणून सांगतो: घट बसायच्या आधी घरातलं एकूण एक अंथरूण-पांघरूण धुवून निघतं.) त्या आठवड्यात गावातली सगळी माळवदं गोधड्यांनी झाकली गेली आणि टॉवर व आमच्या घराच्या मधे एक ओला डोंगर उभा राहिला. आपल्या अँटेनावर त्या रविवारी तीन गोधड्या होत्या. त्या चतुराबाईच्या नव्हत्या. अक्काच्या होत्या.

त्याच रविवारी तुझा फोन आला. अक्का बोलली, नेहमीसारखं "बराबर, बराबर" म्हणाली आणि यंत्र माझ्या हातात दिलं. तू मला सांगितलंस की यंदाही रजा मिळत नाही, आईला सांगितलंय, आईनं समजून घेतलंय. तुकड्या-तुकड्यानं का होईना, पण मला ते कळलं. कामाचं माणूस आहेस, त्यावर मी काही बोलत नाही.

तेव्हा या पत्रानं विनंती एवढीच की तुमच्याकडचा एखादा जाणता माणूस पाठवून खांब चांगला दोन पुरुष उंच करून द्यावा, म्हणजे गोधडीचे हात पोचणार नाहीत. बाकी सगळं ठीक. जेवणखाण वेळेवर करत जा.

तुझा,
तातेमामा

ताजा कलम: वर 'बाकी सगळं ठीक' असं लिहिलं, ते खोटं आहे. सांगायचं ते आता सांगतो. तूच लिहिलं होतंस की यंत्र बोलण्याचे एका सेकंदाला पन्नास तुकडे करतं, आणि एखादा वाटेत खराब झाला तर त्याची वाट न बघता पुढं जातं, कारण बोलणं थांबून राहत नाही. आमच्याकडं शब्द कळला नाही तर आम्ही तो पुन्हा मागवून घेत असू, ऑफिस बंद व्हायची वेळ झाली तरी. तू अक्काला म्हणालास, "दिवाळीला मी येणार नाही." इंग्रजीत नकार वाक्याच्या मधे बसून येतो. आपल्या भाषेत तो सगळ्यांच्या मागं चालतो, आणि ओल्या गोधडीत अडकायचा तो मागचाच अडकतो. अक्काला ऐकू आलं, "दिवाळीला मी येणार." तिनं त्याच संध्याकाळी चार घरी सांगितलं, सकाळी राहिलेल्या घरी. पुढची खोली चुन्यानं पांढरी झाली आहे. अनारशाचे तांदूळ निवडायला घेतलेत. कडूबानं तुझ्यासाठी म्हशीचं दूध बोलून ठेवलंय. जाफराबादच्या एसटीच्या कंडक्टरला ती सांगून आली आहे की माझा पोरगा बसला की फाट्यावर न थांबवता पार गावात आण. मला दहा दिवसांपासून खरं ठाऊक आहे. शेकडो अनोळखी लोकांच्या दारात उभं राहून मी त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट बातमी दिली आहे, सही घेतली आहे आणि पुढच्या दारात गेलो आहे. माझ्या सख्ख्या बहिणीला हे एक वाक्य सांगायला माझी जीभ उचलत नाही. तूच फोन करून सांग. गोधड्या मी काढून ठेवीन.

आणखी एक: लिफाफ्याला डिंक लावताना अक्कानं मला पकडलं. या घरातून कुठलंही पत्र तिला वाचून दाखवल्याशिवाय जात नाही, हा नियम तुला माहीत आहे. मी 'तुझा, तातेमामा' इथपर्यंत वाचून थांबलो. तिला अक्षर येत नाही, पण शाई दिसते. "त्याच्याखाली बी लिव्हलंय की," म्हणाली. मग वाचावंच लागलं. ती परातीतले तांदूळ निवडत राहिली आणि मी संपवल्यावर म्हणाली, "गोधडीला कशाला बोल लावून राह्यला, तात्या? मला समदं बराबर ऐकू आल्तं. ते 'न्हाई' बी ऐकू आल्तं."

मंग गावभर सांगत का सुटलीस, असं मी विचारलं (मीही अशा वेळी आपल्या बोलीवर येतो). ती म्हणाली, "त्यानं न्हाई म्हणलं ते येकट्या मला. आता समद्या गावाला म्हणू दे." एवढं बोलून ती हसली, आणि पदरानं डोळे पुसून पुन्हा तांदळाला बसली. हे तुला कळवू नको, असं तिनं बजावलं आहे. तिच्यासमोर मी मान हलवली; हे ती झोपल्यावर लिहितोय.

तेव्हा भुजंग, फोन चांगला आहे, खांबही आहे तेवढा पुरे आहे. दुरुस्तीला माणूस पाठवू नकोस. तू ये.