अंगाशी धरून आणा

३ एप्रिल, गुरुवार. सकाळ.
रिकामी डबी खिशात कोंबून खोलीबाहेर आलो. लॅबवाल्या बाईंनी वर पाहिलं. मी मान हलवली. दोष माझा नाही, खोलीतल्या एसीचा आहे. खडखडत होता. जन्मभर एसीच दुरुस्त केले; कान कुठे ठेवायचे? शेवटी कव्हर काढलं. फिल्टर गच्च. तो धुतला. तेवढ्यात बाहेरून टकटक.
बाई म्हणाल्या, "आत कशासाठी पाठवलं होतं तुम्हाला?"
फिल्टरबद्दल कुणी चांगला शब्द काढला नाही.

दुपार.
लिहून ठेवतो, म्हणजे राग निवणार नाही. सोमवारी डावं वृषण काढणार. गाठ आहे. मग केमो. काल डॉक्टर म्हणाले, नंतर मूल होईलच असं नाही. आधी वीर्य गोठवून ठेवा. मी 'बघू' म्हणून निघालो. दुकानात आलो तर दारात नवी पाटी. दादा आणि मी, आम्हा दोघा भावांच्या दुकानाचं नाव 'बंधू रेफ्रिजरेशन'. पाटीवर 'आणि पुत्र'. पुत्र म्हणजे दादाचा. बंधू गायब. माझं ऑपरेशन तोंडावर असताना!
पायरीवरूनच डॉक्टरांना फोन केला. गोठवायचं.
माझा मुलगा मोठा होईल. दादाच्या फिरत्या खुर्चीत बसेल. पाटी उतरवेल. दादाला बसायला स्टूल देईल. डुगडुगणारं.
हिला खरं कारण सांगितलं नाही. तिला वाटतं मला मूल हवंय. रडली. वाटू दे.

४ एप्रिल, शुक्रवार.
पुन्हा तीच खोली. एसी आता गुपचूप. माझंच काम. पण शांततेत दादाच आठवतो. पाटी उतरताना त्याचा चेहरा कसा होईल, ते डोळ्यांपुढे आणलं. फार बरं वाटलं. या कामाला मात्र उपयोग नाही.
बाई म्हणाल्या, घर जवळ असेल तर घरून आणा. "डबी अंगाशी धरून आणा, शर्टाच्या आत. गार होऊ देऊ नका."
मी हो म्हटलं. मनात हसलो. जगात उबेने टिकलेली एक वस्तू दाखवा. दूध? मासे? औषध? आणि शेवटी गोठवणारच ना? मग सुरुवात मी केली तर बिघडलं कुठे? ज्याचं काम त्याने करावं.

५ एप्रिल, शनिवार.
घरी जमलं. ही घरात होती. बाकी लिहीत नाही.
डबी बर्फाच्या पेटीत ठेवली. माझी सर्वांत चांगली पेटी, झाकणाला थर्मामीटर असलेली. मुद्दाम दुकानावरून गेलो. दादा ओरडला, "कुणाचं काम रे?" म्हटलं, "माझं." त्याला पुढे कळेल.
बाईंनी झाकण उघडलं. बर्फाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "बाजार करून आलात?"
सूक्ष्मदर्शकाखाली एकही शुक्राणू हलत नव्हता.
आता फक्त उद्या सकाळ. बाई माझ्यासाठी रविवारी येणार आहेत. त्यानंतर काही नाही. कधीच.

संध्याकाळ.
ही रडली नाही. म्हणाली, "इतकी वर्षं मी मूल मागितलं तेव्हा तुमचं बघू-बघू. भावोजींनी पाटी बदलली आणि एका दिवसात बाप व्हायला निघालात. तेही बर्फात घालून."
पाटीचं हिला वहिनीने सांगितलं असणार. बायकांच्या पोटात काही राहत नाही.
मग तिने दादाला फोन केला. उद्या गाडी आणा म्हणाली. स्कूटरवर वारा लागतो. मी म्हटलं, मरेन, पण त्याच्या गाडीत बसणार नाही. ती म्हणाली, "मरायचं कशाला काढता आता?"
नाही बसणार. शब्द म्हणजे शब्द.

६ एप्रिल, रविवार.
बसलो. डबी शर्टाच्या आत, वर दोन्ही हात. दादाने एसी बंद केला, काचा चढवल्या. दोन एसीवाले घामाने निथळत सिग्नलला उभे. बाजूच्या गाडीतले लोक बघत होते.
तिथे मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. मुलगा, खुर्ची, पाटी. स्टूलसुद्धा.
दादा म्हणाला, "बसव की गधड्या. आमचे चिरंजीव दुकानात पाय ठेवणार नाहीत. केक करणार आहेत म्हणे. काल तोंडावर सांगितलं. पाटी मागे भिंतीकडे तोंड करून ठेवलीय."
मग म्हणाला, "बंधू खोडायला नको होतं."
सिग्नल सुटला. इतका चांगला सूड, आणि घ्यायला समोर कुणी नाही.
"स्टूल मात्र न डुगडुगणारं दे," दादा म्हणाला. "माझी कंबर गेलीय."
बाईंनी डबी हातात घेतली. ऊब पाहिली. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. थोडे हलतायत. थोडे पुरतात. ठेवलेत.
हिला फोन लावला. मी बोलायच्या आत ती रडायला लागली. या वेळी तिला जे वाटतंय ते खरं आहे, असं सांगणार होतो. राहिलं.

८ एप्रिल, मंगळवार.
काल सकाळी ऑपरेशन झालं. बाहेरच्या खुर्च्या भरल्या होत्या. दादा शेवटपर्यंत स्टूलवर बसून होता, असं ही सांगते.