शकूचं एक मिनिट

वारजे, ८ डिसेंबर १९९८

चि. हिंदुराव यास अनेक आशीर्वाद.

तुला आई आहे हे विसरला असशील, म्हणून आठवण करून देते. मी वारज्याची आनंदीबाई. तुझी शकू माझ्याकडे राहून तिसरीत शिकते. मी सांगते, शेजारचे अनंतराव लिहितात. माझ्या शिव्या ते गाळतात, तेव्हा पत्र तोकडं वाटलं तर समजून घे.

काल शाळेत वाचनाची चाचणी झाली. छापील कागद बाहेरून आले, साहेबही बाहेरचे. व्हरांड्यात टेबल, त्यावर घड्याळ, एकेका पोराला एक मिनिट. एरवी बाजार भरवणारी पोरं रांगेत हात बांधून उभी, आणि शकूच्या वर्गाच्या सुनीतीबाई यादीतून एकेक नाव पुकारत होत्या. शकू माझा पदर सोडेना, म्हणून मलाही खांबाजवळ उभं राहू दिलं.

तिनं कागदावर बोट ठेवलं आणि पुस्तकातला मोराचा धडा घडाघडा म्हटला. साहेब म्हणाले, "बाळ, यात मोर नाही. यात विहीर आहे."

मग तिच्या तोंडून शब्द फुटेना. घड्याळ चालूच.

रोज दिवेलागणीला ती मला धडे वाचून दाखवायची, पानंही उलटायची. मी मान डोलवायची. ते सगळं ऐकून पाठ केलेलं होतं रे, मला अडाणीला कळावं कसं? कालपासून ती धड जेवत नाही. आज शाळेची घंटा झाली तशी कणगीमागे जाऊन बसली. मला भीती आहे ती तुझी. पोरगी शिकली नाही तर कारखान्यावर आणून धाकट्याला सांभाळायला ठेवीन, असं तू म्हणाला होतास. रागवायचं तर माझ्यावर रागव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आई


कारखाना वसाहत, १३ डिसेंबर

ती. आईस शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. शकूची शाळा बास झाली. २७ तारखेला, रविवारी येतो आणि तिला घेऊन जातो. तू मनाला लावून घेऊ नकोस.
हिंदुराव

ता. क. सासूबाई, मी विजयमाला. वरचं त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. त्यांची सगळी पत्रं मीच लिहिते, तुमची मीच वाचून दाखवते. तुमचं पत्र वाचताना मोराचा धडा आला तसे ते उठून बाहेर गेले. मी कळवलं असं म्हणू नका.


वारजे, १८ डिसेंबर

चि. हिंदुराव यास आशीर्वाद.

मला कुणी काही कळवलेलं नाही, माझं मलाच आठवलं. तूही असेच धडे म्हणून दाखवायचास. चौथीत शाळा सोडलीस, तेव्हा पोरगं कंटाळलं असं मी गावभर सांगत फिरले. कंटाळा नव्हता तो, भीती होती. मी विचारलं नाही.

काल सुनीतीबाईंना जाऊन सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, या चाचणीत कुणी नापास होत नाही, कोण कुठं अडलंय तेवढं कळतं. रोज शाळेआधी अर्धा तास त्या शकूला जवळ बसवणार आहेत. आज कागद पुढे ठेवला तर पोरगी मागे सरकली. तरी दोन शब्द बोलली. वाचले की आठवले, ते मला कळलं नाही, म्हणून माझी भीती काही गेलेली नाही.

ये, पण न्यायला येऊ नकोस. सोमवारी थांब आणि शाळेत तिच्यासोबत तू जा. दाराशी उभा राहा. बाईंनी आत बोलावलं तर लाजू नकोस, तिच्या शेजारी बस.

सुनेला आणि धाकट्याला आशीर्वाद. येताना काकवी आण, आणि विजयमालेच्या हातची शेंगदाण्याची चटणी दोन डबे. एक बाईंना द्यायचाय, त्यात तिखट कमी घालायला सांग.
तुझी आई