साहेबाच्या प्रश्नांची उत्तरं

४ जाने. ९८, रवि.
प्रबंधाचं प्रकरण ४ परत आलं. मार्गदर्शक सरांनी लाल पेनाने आडवी रेघ मारलीय. म्हणे, गावचा कारभार गावानेच बघावा हा विचार कंपनी सरकारचा कलेक्टर साहेब स्कॉटलंडहून शिकून आला, इथले लोक नुसते माना हलवत होते. माझं म्हणणं नेमकं उलटं. त्या स्कॉटिश कलेक्टरने गावाला प्रश्न विचारले, गावाने उत्तरं दिली, तीच त्याने इंग्रजी अहवालात आपल्या नावावर खपवली. मोडीतली ती उत्तरं कळवणजवळ एका पाटलांच्या दप्तरात आहेत. कागद घराबाहेर देत नाहीत, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तिथेच बसून हाताने उतरवली.
सर : "खाली सह्या नाहीत. कुणा कारकुनाने घरी बसून लिहिलं असेल."
डोकं फिरलं. मार्चअखेर प्रबंध गेला नाही तर सहा वर्षं पाण्यात.

६ जाने.
शाळेत आठवीवर उगाच खेकसले. घरी ह्यांनी चहा करून दिला. "कागद पुन्हा बघून ये ना." म्हटलं, शब्द न् शब्द उतरवलाय. मग त्यांच्यावरही खेकसले.

११ जाने., रवि.
शेवटी गेलेच. सकाळची एस.टी., कॅमेरा घेऊन. पाटलांच्या घरातले थोरले, नाना, त्यांनी कागद बांधून ठेवलेला दप्तराचा रुमाल सोडला. मजकुराखाली चित्रं. दिवाळीतही पाहिली होती, पोरांनी गिरगटलंय समजून सोडून दिली.
नानांनी बोट ठेवलं. "बाई, ह्यो नांगर हाय. पाटलाची निशाणी. तवा लिहाया कुणाला येत व्हतं?"
शेजारी सुताराची पटाशी. न्हाव्याचा आरसा. चांभाराची रापी. पाचवं एक गोल, कुंभाराचं चाक असणार. साहेबाच्या अहवालात गावातल्या चौघांना विचारलं एवढंच आहे. चुकला असेल मोजताना.
अख्खं गाव सही करून बसलं होतं, आणि मी मोडी पहिल्या वर्गात पास झालेली बाई अक्षरं तेवढी वाचत होते. ओसरीवर बसून रडले, मग हसले. नाना घाबरले बिचारे.

१४ जाने., संक्रांत
फोटो धुऊन आले. तडक सरांकडे. भिंग घेऊन दहा मिनिटं बघत होते.
"हे आधी का नाही दाखवलंत?"
"मलाच दिसलं नव्हतं, सर."
"म्हणजे गावाकडून शिकला तो साहेबच म्हणायचा."
त्या लाल रेघेवर स्वतःच्या हाताने पांढरी शाई लावली. जिंकले. सरांना तिळगूळ दिला. घरी येऊन ह्यांची माफी मागितली, आठवीची उद्या.

१८ जाने., रवि.
सरांना घेऊन कळवण. अस्सल कागद बघून खूश. मी एकेक निशाणी दाखवत होते : नांगर, पटाशी, आरसा, रापी, चाक.
चहा घेऊन आलेली नानांची सून वाकून बघत म्हणाली, "चाक कसं असंल, ताई? चाकाला मधी भोक नाय का दावणार? बांगडी हाय ती. माझी आजेसासू अंगठ्याऐवजी अशीच काढायची."
सरांनी भिंग लावलं. मधे भोक नव्हतं.
अहवालात शब्द आहेत, 'गावचे चार पुरुष'. साहेब मोजायला चुकला नव्हता. पाचवी त्याच्यासमोर उभी होती, बोलली होती, निशाणी करून गेली होती. त्याने तिला गाळलं. दिवाळीत मीही.
परतताना एस.टी.त सर म्हणाले, "झालं तुमचं प्र. ४. उद्या टंकायला द्या."
नाही देणार. तिचं नाव हवंय. नानांकडचे आणखी दोन रुमाल अजून कुणी सोडलेलेच नाहीत.