खालून आलेली ओळ

भरमाण्णा उस्ताद यांना नमस्कार,

काल टिळकवाडीतल्या डॉक्टरांचा जिना चढताना दम लागला आणि तुम्ही आठवलात. अठ्ठ्याहत्तर साली, पलटणीतून निवृत्त झाल्यावर, तुम्ही मला येळ्ळूरच्या कड्यावर चढाई शिकवायचात. खाली दोर धरून ओरडायचात, "ए कविराज, शाळेतली कविता म्हण मोठ्यानं! आवाज कापला की पाय कापाय लागला, हे मला खालनं कळतंय." आणि वर कुरकुर, "लई रडकी हाय रं तुझी कविता!"

एकदा अर्ध्या कड्यावर माझे पाय लटपटले. तिसऱ्या कडव्याशी शब्दच आठवेनात. बोटं सुटणार, एवढ्यात खालून तुमच्या आवाजात पुढची ओळ आली. बेसूर, पण अचूक. ती धरूनच मी माथा गाठला.

"तुम्हाला कधी पाठ झाली?" मी विचारलं.

"दोर धरल्यावर कान रिकामंच असत्यात की!"

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. कालही जिन्यात तीच कविता पुटपुटत होतो. तिसऱ्या कडव्याशी मुद्दाम थांबलो, उस्ताद. खालून कुणी बोललं नाही. मग ती ओळ तुमच्याच बेसूर आवाजात म्हटली आणि वर गेलो.

तुमच्या दोरावरचा,
कविराज